खुणेची शाई

वर

रविवारी बॉयलर थंड असतो, म्हणून या घरात रविवारी माणसं हळू बोलतात. इतर दिवशी हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही. तीन पिढ्या लोकांचे कपडे धुण्यात गेल्या आणि तिन्ही पिढ्यांचे आवाज चढत गेले. बाहेरच्या माणसाला वाटतं, ही मंडळी कायम भांडत असतात. भांडतातही, पण त्यासाठी ती खाली इस्त्रीच्या टेबलापाशी जातात. भांडायची जागा ठरलेली आहे.

तर त्या रविवारी, चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर, धाकटा सुपाचा वाडगा घेऊन जिना चढत होता. धाकटा म्हणजे चाळिशीला टेकलेला, दोन लेकरांचा बाप, कानशिलांवर केस पिकलेला माणूस. पण वर दादा आणि खाली ताई आहेत तोवर तो धाकटाच राहणार होता.

दादाची खाट वाळवणाच्या खोलीत हलवली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता औषधापेक्षा कोरडी, उबदार हवा बरी. आणि दादा म्हणाला होता, "जन्मभर खाली बॉयलरशी बसून ऊब वर पाठवली. आता बघतो तरी, कशी लागते ती."

वाळवणाची खोली म्हणजे वरचा अख्खा मजला. छताखाली दोऱ्यांच्या रांगा, दोऱ्यांवर इस्पितळाच्या चादरी, आणि सगळ्या चादरींच्या पलीकडे, शेवटच्या खिडकीपाशी, दादा. त्याच्यापर्यंत पोचायचं तर चादर सारत जायचं. एक सारली की दुसरी. दुसरी सारली की तिसरी गालाला लागते, आणि तीही बाजूला केली की वाटतं आता खिडकी येईल, पण येते चौथी. दुपारचं ऊन तिकडून निघायचं आणि चादरींतून गाळलं जात जात जिन्यापाशी यायचं, तोवर त्याचं दूध झालेलं असायचं. त्या उजेडात सावली पडत नसे. धाकट्याला तिथे नेहमी वाटायचं की आपण थोडे पाण्याखाली आहोत आणि तरी श्वास घेता येतोय.

तो मधल्या रांगेत थांबला. चादरीचा काठ जमिनीपासून वीतभर वर होता, आणि त्याखाली त्याला चार पावलं दिसली. अनवाणी. लहान.

(इथे तो ओरडायला हवा होता. ओरडला नाही. वाडगा हातात होता, असं त्यानं नंतर ताईला सांगितलं.)

पोरांना या खोलीत यायची मनाई होती. मनाई त्याचीच.

"हलू नको ना दादाकाका. फिसकटेल."

"गुदगुल्या होतात गं."

"झालंच. ही एवढी रेघ राहिली."

"टिल्लूची झाली का?"

"त्याची मानेवर केली. कॉलरच्या जागी. तुझ्या मानेला सुरकुत्या आहेत, म्हणून मनगटावर."

"बरोबर आहे. सुरकुतीवर खूण धरत नाही," दादा गंभीरपणे म्हणाला. "तुला शिकवलंय कुणी?"

"बघून बघून येतं," खारू म्हणाली.

खारू सात वर्षांची. लहानपणी खारीसारखी काहीतरी गालात दाबून ठेवायची, म्हणून खारू. टिल्लू चारचा, तो आपल्या मानेला मागून हात लावून लावून बघत होता आणि बोटं काळी करून घेत होता. धाकट्यानं शेवटची चादर सारली तेव्हा तिघांनीही एकदम वर पाहिलं. खाटेच्या कडेवर खुणेच्या शाईची बाटली उघडी होती.

ज्यानं कधी लॉन्ड्री पाहिली नाही त्याला हे सांगायला हवं. सगळ्यांचं पांढरं एकाच हौदात उकळतं, आणि उकळून निघालेलं पांढरं सगळं एकसारखं दिसतं. म्हणून प्रत्येक घराच्या कपड्याला कोपऱ्यात एक खूण करतात. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण, कुणाच्या दोन तिरक्या रेघा. खुणेची शाई वेगळी असते. उकळत्या पाण्याला ती भीत नाही. या घराच्या स्वतःच्या कपड्यांवर दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ असते. नाक नसलेल्या, फारसं न हसणाऱ्या तोंडासारखी.

ती खूण आता दादाच्या मनगटावर होती. टिल्लूच्या मानेवर होती. खारूच्या डाव्या दंडावर होती, जरा वाकडी, कारण तिची तिनंच काढलेली.

"हे काय चाललंय?" धाकटा म्हणाला.

"दादाकाका जाणार आहे ना," खारू म्हणाली. "मग हरवायला नको."

"कुठे जाणार?"

तिनं बापाकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मोठी माणसं खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बघतात. रागानं नाही. सांभाळून घेत.

"बाबा, मला माहितीये. तू म्हणालास तो शब्द घरात काढायचा नाही, म्हणून मी काढत नाही. पण माहितीये." मग ती भराभरा बोलायला लागली, जसं कुणी पाठ केलेलं बोलतं. "आत्या भांडी घासताना ते गाणं म्हणते ना. तिथे सगळ्यांना पांढरे कपडे असतात. आणि माणसं इतकी असतात, इतकी, की कुणाला मोजताच येत नाहीत. सगळी पांढऱ्यात. मग घोळ होणारच ना?"

"घोळ," टिल्लू म्हणाला.

"आईला आपण खूण केली नव्हती," खारू म्हणाली. "तू विसरलास. म्हणून ती कुणाची आहे ते तिथे कुणालाच कळत नसेल. आपल्याकडे ती बिनखुणेची फळी आहे ना बाबा, दाराजवळ? जिच्यावरचं कुणी न्यायला येत नाही. तशा फळीवर असेल ती."

धाकट्यानं सुपाचा वाडगा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"पण आता काळजी नाही. दादाकाका ही बाटली घेऊन जाणार आहे. आईला शोधणार आणि खूण करणार. मी विचारलं, तो हो म्हणाला."

"मी हो म्हणालो," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत जुना खट्याळपणा होता, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, जे धाकट्याला बघायचं नव्हतं.

खाली

"मी नाही सांगितलं. देवाशप्पथ," ताई म्हणाली.

"मग कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तोच तर घोटाळा आहे."

इस्त्रीच्या लांब टेबलाच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला धाकटा. मध्ये भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, जो लॉन्ड्रीची गाडी चालवतो आणि घरात सगळ्यात कमी गंभीर माणूस म्हणून ओळखला जातो. त्यानं टिल्लूला टेबलावर उलटं घातलं होतं आणि ओल्या फडक्यानं त्याची मान घासत होता.

"जायची नाही हो ही," भावोजी म्हणाला. "तुमच्या वडलांनी बनवून घेतलेली शाई. त्यांच्यासारखीच. एकदा बसली की बसली."

"दुखतंय!" टिल्लू म्हणाला.

"उद्या शाळेत बाई विचारतील तेव्हा काय सांगशील?"

"मी आमच्या घरचा आहे म्हणून."

भावोजीचा हात थांबला. त्यानं टिल्लूला खाली उतरवलं, पाठीवर हलकी चापट मारली आणि खारूबरोबर बाहेर, टोपल्यांच्या ढिगापाशी खेळायला पाठवलं. मग दार लावून घेतलं.

मागचं थोडं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी, पोरांची आई गेली त्या आठवड्यात, ताईनं खारूला मांडीवर घेऊन सांगितलं होतं: देवानं आईला नेलंय. तिथे तिचं दुखणं राहणार नाही, देव तिला अगदी नवी करणार. ताईनं यात काही चुकीचं सांगितलं नव्हतं. उपासनेत हेच सांगतात, आणि तिचा त्यावर विश्वास होता. पण ऐकणारी पोर लॉन्ड्रीत वाढलेली. नेलेलं नवं करून गुरुवारी परत पोचवायचं, हा या घराचा धर्म. चार वर्षांची खारू तो सगळा हिवाळा दर गुरुवारी कोट घालून दारातल्या स्टुलावर बसत असे. गाडी गेली, गाडी आली. एके दिवशी तिनं भावोजीला विचारलं, "आज पण नाही?" भावोजी काहीतरी विनोद करायला तोंड उघडून तसाच मागं फिरला, आणि गाडीत मागं, टोपल्यांमध्ये, बराच वेळ जाऊन बसला.

त्या रात्री धाकट्यानं सांगून टाकलं. स्वर्ग हा शब्द या घरात पोरांसमोर काढायचा नाही. कुणीही. भावोजी त्याच्या बाजूनं उभा राहिला. ताई रडली, पण तिनंही मान्य केलं. दादा बॉयलरकडे गेला आणि त्यानं उगाच आणखी कोळसा टाकला.

आणि खारूनं स्टूल सोडलं. सगळ्यांना वाटलं, विसरली.

"ती विसरली नव्हती," भावोजी आता म्हणाला. "ती फक्त आपल्याशी बोलायची थांबली. हे बघ, तेव्हा मी तुझ्याकडून होतो. आज नाही."

"बरं झालं सांगितलंत."

"चिडू नकोस, ऐक. गुरुवारी दारात बसायची तेव्हा तिला निदान वाटायचं की आई येतेय. आता तिला वाटतं, आई फळीवर पडलीये आणि कुणी विचारत नाही. सांग, यातलं बरं कुठलं?"

धाकट्यानं गार इस्त्री उचलली आणि परत ठेवली. त्याला वाटलं होतं ताई आता लगेच नवऱ्याची री ओढेल, कारण गेली तीन वर्षं ती हेच तर म्हणत आली होती. पण ताई म्हणाली,

"नको सांगूस."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी नाही म्हणते. मी बोलले ते खरं होतं, आणि तरी पोर हिवाळाभर दारात बसली. आता दादा जाईल. आज त्याच्याबद्दल सांगायचं, आणि उद्या ही त्याच्यासाठी बसणार? किंवा त्याच्याबरोबर निघायचं म्हणेल. माझी हिंमत नाही बाबा परत."

"आता तू पलीकडे गेलीस?" भावोजी म्हणाला. "अगं, मी आत्ताच तर इकडे आलो!"

ताईला हसू आलं आणि तिनं ते पदरात लपवलं. मग हसू गेलं. तिनं धाकट्याकडे बघून विचारलं, जे तिनं तीन वर्षांत विचारलं नव्हतं:

"तुझा विश्वास आहे का नाही, एवढं सांग. का उठलाय?"

"उठला असता तर बरं होतं," धाकटा म्हणाला. "मग राग कुणावर धरला असता मी? कुणी नसतंच तिथे. आहे म्हणून तर राग आहे."

"मग त्याच्याशी भांड. पोरीच्या तोंडाला कुलूप का?"

तेवढ्यात वरून पाइपवर चमच्याचे ठोके ऐकू आले. बॉयलरचा पाइप सगळ्या मजल्यांतून जातो. दादाला कुणाला बोलवायचं असलं की तो पाइप वाजवतो. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे ताई. आता तो थांबतच नव्हता.

"म्हणजे सगळे," भावोजी म्हणाला.

मध्ये, जिन्यावर

पोरं पुढे पळाली. ताई आणि भावोजी त्यांच्या मागे. धाकटा जिन्याच्या वळणावर मागे राहिला, आणि कशानं कोण जाणे, बसला. वरून तो दुधाळ उजेड पायऱ्यांवर सांडत होता.

डोळे मिटले तर एक खोली होती. याच खोलीसारखी, पण भिंती नसलेली. दोऱ्याच दोऱ्या. त्यांवर पांढरं, आणि पांढऱ्याच्या मागे पांढरं, आणि मधून माणसं हिंडताहेत, कुणाची घाई नाही, कुणाचे हात सुजलेले नाहीत. त्यानं एक चादर सारली. दुसरी सारली. मग एक काउंटर आला, त्यांच्या खालच्या काउंटरसारखाच, लाकूड कोपरांनी गुळगुळीत झालेलं. मागं कुणीतरी पाठमोरं उभं. धाकटा म्हणाला, माझी बायको न्यायला आलोय.

खूण काय?

त्याला खूण आठवेना. तो सांगू लागला, उंचीनं माझ्या खांद्याला, हसली की, चिडली की, पण एकेक गोष्ट तोंडापर्यंत येई आणि पुसली जाई, कारण ती उच्चारून तीन वर्षं झाली होती. त्यानं मागं वळून पाहिलं. दाराजवळ फळी होती. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही

आणि त्याला जाग आली. म्हणजे जिन्यावर बसलेलाच होता, डोळेही बहुतेक उघडेच होते. पण आता त्याला एवढं कळलं होतं की ती फळी खारूनं बनवलेली नाही. त्यानंच बनवली. एक शब्द बंद केला तेव्हा त्याच्या मागचं माणूसही बंद झालं. तीन वर्षांत या घरात कुणी तिचं नाव घेऊन हसलेलं नव्हतं.

"बाबा!" वरून खारूची हाक आली. "दादाकाका म्हणतो, तुझ्यासाठी थांबलोय, पण फार वेळ थांबणार नाही!"

"असं बोलू नये गं," ताईचा आवाज.

"तोच म्हणाला!"

वर

दादा उशीला टेकून बसला होता. सूप तसंच होतं. पोरं खाटेवर चढली होती, एक इकडे, एक तिकडे. ताई आणि भावोजी चादरींच्या पलीकडे उभे राहिले. नुसत्या त्यांच्या आकृत्या दिसत होत्या, पांढऱ्यावर करड्या.

"अडचण अशी आहे खारू," दादा म्हणाला. तो हल्ली दोन शब्दांमध्ये विसावा घेई. "मी बाटली न्यायला तयार आहे. पण तिथे हातात काही घेऊन जाता येत नाही."

"का?"

"हात मोकळे लागतात."

"कशाला?"

"कुणीतरी धरतं ना."

खारूनं यावर विचार केला. "मग खिशात?"

"खिशाचं मला नक्की माहीत नाही," दादा म्हणाला. "पण ऐक. बाटली लागणारच नाही. तुला वाटतंय खूण आपण करायची असते. ती केलेली आहे. आधीच. आपण जन्मायच्याही आधी. आणि कुठे केलीये माहितीये? कपड्यावर नाही. आपल्या अंगावरपण नाही. ती केलीये…"

त्याची पापणी जड झाली. उन्हाचा एक पट्टा त्याच्या गळ्यावर आला होता. सगळे थांबले. दादा झोपला होता. शांतपणे, वाक्याच्या मधोमध, कामावरून आलेला माणूस जेवणाच्या ताटावर झोपतो तसा.

"कुठे?" टिल्लू म्हणाला.

चादरींमागच्या दोन आकृत्या हलल्या नाहीत. धाकट्यानं ताईच्या दिशेनं पाहिलं, आणि त्याला कळलं की ती आता पुढे येणार नाही. आणि भावोजी तिचा हात धरून उभा आहे, ती आली असती तरी त्यानं येऊ दिलं नसतं.

"कुठे केलीये, बाबा?"

तो खाटेपाशी जमिनीवर बसला. इतका खाली, की पोरांचे चेहरे वर आले.

"येशूच्या हातांवर," तो म्हणाला.

शब्द निघाला आणि खोलीत काही पडलं नाही, फुटलं नाही.

"आपण काय करतो? कपड्यावर खूण करतो. कपडाच हरवला तर खूणही गेली त्याच्याबरोबर. म्हणून त्यानं उलटं केलं. त्यानं आपली खूण स्वतःच्या तळहातांवर करून घेतली. म्हणजे आपण कुठेही असलो, कसेही असलो, खूण त्याच्यापाशी."

"शाईनं?"

"खिळ्यांनी."

टिल्लूनं आपले दोन्ही हात काखेत घातले. खारू म्हणाली, "दुखलं असेल."

"फार. तो मेला त्यात. त्याला पुरलं. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, खरोखर उठला, चालला, मित्रांबरोबर जेवला. सगळं नवं झालं त्याचं. पण हातांवरची ती खूण तशीच राहिली. त्यानं ती मित्रांना दाखवली. बघा म्हणाला, मीच आहे."

"नवं होऊनपण गेली नाही?"

"नाही."

"मग चांगली शाई आहे," खारू म्हणाली, कामाचं बोलल्यासारखं. मग तिनं खाली बघून विचारलं, "आईची आहे त्यात?"

"आईची आहे."

"म्हणजे ती फळीवर नाही."

"नाही." त्यानं मान हलवली. "एक क्षणसुद्धा नव्हती, बाळा. तिथे पोचली तेव्हा तिला कुणी विचारलंसुद्धा नसेल, तू कुणाची म्हणून. तिचं नाव घेऊन हाक मारली असेल त्यानं. तिची खोली लावून ठेवलेली असेल."

"पण एवढ्या सगळ्यांच्या खुणा एका हातावर मावतात कशा?"

"ते मला माहीत नाही."

"आत्याला माहितीये?"

"नाही गं," चादरीमागून ताई म्हणाली.

खारूला ते चाललं. तीन वर्षं तिला कुणी माहीत नाही असंसुद्धा म्हटलं नव्हतं. ती आता खाटेवरून घसरून त्याच्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. आणि त्याला ठाऊक होतं पुढचा प्रश्न काय असणार. ज्याला भिऊन त्यानं हे सगळं केलं होतं, तोच.

"मग कधी येणार ती?"

"ती येणार नाही, खारू."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेत होतं. तिची साखळी वाजत गेली आणि विरली.

"इथे येणार नाही. गुरुवारी नाही, कुठल्याच वारी नाही. आपण जायचं आहे तिच्याकडे. येशू परत येईल तेव्हा सगळं नवं होईल, आपण सगळे उठू, आणि तेव्हा कुणी कुणाला सोडून जायचं नाही. पण ती इकडे येत नाही. तू दारात बसायचीस ना, तेव्हा हे मी तुला सांगायला हवं होतं."

ती रडेल असं त्याला वाटलं. ती थोडी रडली. आवाज न करता, नाक त्याच्या बाहीला पुसत. मग म्हणाली, "दादाकाकाला बोलावलंय?"

"हो. बहुतेक लवकरच."

"मला?"

"नाही. तुला नाही." त्यानं तिचा दंड धरला, शाईच्या खुणेच्या वर. "आणि आपण आपल्या आपण निघायचं नाही. बोलावतात तेव्हाच. तुझं इथे पुष्कळ बाकी आहे."

"सातचा पाढा."

"सातचा. मग आठचा. मग भागाकार. मग मोठी होशील, माझ्याशी भांडशील. खाली टेबलापाशी. म्हातारी होशील."

"आत्याएवढी?"

"ए!" चादर म्हणाली.

भावोजी हसला, आधी दबून, मग दबेना. त्या हसण्यानं दादानं झोपेत कूस बदलली. पण टिल्लू हसला नाही. तो अजून खाटेवरच होता, हात काखेत, कपाळाला आठी.

"मी नाही जाणार," तो म्हणाला.

"का रे?"

"मी ओळखणार कसा तिला?"

तो वर्षाचा होता, आई गेली तेव्हा. भिंतीवरचा फोटो त्याला ठाऊक होता, पण फोटोतली बाई एकाच ठिकाणी बघत असते.

"खारूताई तिला ओळखेल, बाबा ओळखेल. दादाकाका ओळखेल. मी एकटाच तिथे उभा राहीन. सगळे पांढऱ्यात."

धाकट्यानं त्याला उचलून मांडीवर घेतलं. तो जड झाला होता. हे पोर कधी इतकं जड झालं, ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"ती ओळखेल तुला," तो म्हणाला.

"पण मी?"

जिन्यावर त्याच्या तोंडापर्यंत येऊन पुसल्या गेलेल्या गोष्टी आता कुठून येणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं नुसतं तोंड उघडलं, आणि पहिली जी आली ती अशी होती की तिच्याशी स्वर्गाचा काही संबंध नव्हता.

"तिला शिट्टी वाजवता यायची," तो म्हणाला.

"आईला?" खारू ताठ बसली. हे तिच्याही आठवणीतून निसटलेलं होतं. "शिट्टी?"

"अशी की खालच्या यंत्रांच्या आवाजातून ऐकू यायची. इस्त्री करताना वाजवायची. उपासनेतली गाणीसुद्धा शिट्टीवर."

"पाळक घरी आले होते तेव्हासुद्धा," ताई चादर सारून पुढे आली. तिचं नाक लाल झालं होतं. "मी इतकी ओरडले तिला! आणि ते पाळक, भलेपणानं, तिच्याबरोबर गुणगुणायला लागले. मी आपली चहा घेऊन तशीच उभी."

"गाडीचा हॉर्न बिघडला होता तेव्हा तिला शेजारी बसवून नेलं होतं मी," भावोजी म्हणाला.

"खोटं!"

"अगं खरंच. वळण आलं की वाजवायची."

पोरं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. जणू खोलीत कुणी नवीन माणूस येऊन बसलं होतं आणि ते सगळ्यांशी एकाच वेळी बोलत होतं. ऊन आता खिडकीतून उतरत चाललं होतं. खालच्या रांगेतल्या चादरी करड्या झाल्या, वरच्या अजून पेटलेल्या होत्या. धाकटा बोलत होता. ती शिट्टी वाजवताना एक डोळा बारीक करायची. तिला झोपेत हसू यायचं. तू रडायचास तेव्हा ती तुझ्या पोटावर तोंड ठेवून वाजवायची आणि तू दचकून गप्प व्हायचास. हे सांगताना त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्याला पुसावंसं वाटत नव्हतं.

"बाबा," खारूनं विचारलं, "तिथे शिट्टी वाजवू देतात?"

"तिथे ती गप्प बसली असेल असं वाटतं तुला?"

टिल्लूनं ओठांचा चंबू केला. गाल फुगवले. फुंकर निघाली, थोडी थुंकी निघाली, आवाज काही निघाला नाही. त्यानं पुन्हा करून पाहिलं.

"येत नाहीये," तो म्हणाला.

"घाई नाहीये," खारू म्हणाली. "तोवर येईल तुला."